शेततळ्यातील मासा खाद्य सोडतो तेव्हा

आपल्या मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत शेततळी पुष्कळ झाली. सन २०१६ मध्ये सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढल्यापासून तर ज्या शिवारात पूर्वी एक विहीर धड पाण्याने भरत नसे, तेथेही दोनचार तळी दिसू लागली. तळे खोदतात ते उन्हाळ्यातील पिकाच्या पाण्याकरिता. परंतु पाणी साठलेच आहे तर त्यात मासे सोडून दोन पैसे अधिक मिळवावेत, असे कोणासही वाटणे साहजिक आहे. धर्माबादेकडे गोदावरी उशाशी आणि तेलंगण हाकेच्या अंतरावर असल्याने माशांस गिऱ्हाइकाची वाण नाही. मात्र या नव्या धंद्यात पडलेल्या शेतकरी बंधूंकडून एक प्रश्न वारंवार कानी येतो : "मासे खाईनासे झाले आहेत, आता त्यांस काय घालावे?" प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हा प्रश्नच उलटा आहे. अशा वेळी काय घालावे यापेक्षा काय घालावयाचे थांबवावे, हे आधी विचारले पाहिजे.

असा उलटा प्रश्न का पडतो, याचे कारण आपल्या गोठ्यात आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या लाल कंधारी आणि देवणी जनावरे पाळणारे लोक. बैलाने सकाळी चारा टाकला आणि दुपारपर्यंत रवंथ केला नाही, तर आपला जीव उडून जातो. मग त्याच्यापुढे हिरवा कडवळ टाकून पहा, भिजविलेली पेंड पुढे कर, गूळ चाटव, असे नाना उपाय चालतात, व बैलाच्या बाबतीत ते योग्यही आहेत. त्याचे रक्त उष्ण असते. अंगाची ऊब टिकविण्यास त्याला रोज खावेच लागते. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी जितके उष्ण तितके त्याचे शरीर उष्ण, आणि पाणी निवले की त्याची भूकही निवते. आठ दिवस अन्न न मिळाल्याने मोठा मासा मरत नाही, फार तर थोडा रोडावतो. दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. बैलाने न खाल्लेली वैरण गव्हाणीत पडून राहते व सायंकाळी झाडून काढता येते. माशाने न खाल्लेली पेंड तळाशी बसते, कुजते, आणि ज्या पाण्यात मासा श्वास घेतो तेच पाणी नासविते. म्हणजे बैलापुढे जास्त वैरण टाकणे हा फार तर खर्च झाला. माशापुढे जास्त पेंड टाकणे हा घात होय.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की, मासा खरोखरच खात नाही की खाताना आपणांस दिसत नाही, हे ठरवावे. आपल्या तळ्यांत बहुधा कटला, रोहू व मृगल हे तिन्ही एकत्र सोडतात. त्यांपैकी कटला वरच्या थरात वावरतो, त्याचे तोंडही वर वळलेले असते. रोहू मधल्या थरात हिंडतो. मृगल तळाशी चरतो. सायप्रिनस हाही तळचाच. कटल्याने वर येऊन तोंड मारले नाही म्हणजे सारे तळे उपाशी आहे, असे समजण्याचे कारण नाही. गवत्या माशाचा प्रकार तर निराळाच. त्याला घास किंवा हत्तीगवत मिळाले की तो पेंडीकडे ढुंकूनही पहात नाही, व त्याबद्दल कोणी काळजी करू नये.

खरे काय ते कळण्यास एक साधा उपाय आहे. एका जुन्या परातीस तीन दोऱ्या बांधून ती तळ्यात हातभर-दीड हात खोल सोडावी, दुसरी तळाजवळ सोडावी, आणि खाद्य ओले करून त्याचे गोळे त्यांतच ठेवावे. दीड-दोन तासांनी परात वर ओढून पहावी. रिकामी असेल तर मासे खात आहेत. अर्धी भरलेली असेल तर दुसऱ्या दिवशी निम्मेच खाद्य घालावे. जशीच्या तशी असेल तर त्या दिवसापासून खाद्य बंद. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या आसपास मोठमोठे मत्स्यपालक याच हेतूने छिद्रे पाडलेली पोती बांबूस टांगून त्यांत कोंडा-पेंड भरतात. मासा येऊन छिद्रातून ओढून खातो, आणि किती उरले ते पोते उचलताच समजते. आपल्याकडे अद्याप बरेच जण काठावरून घमेल्याने पेंडीचा भुगा फेकतात. त्यातील किती पोटात गेला व किती चिखलात, याचा हिशोब कोणीच सांगू शकत नाही.

परात भरलेली निघाली, तरीही एकदम घाबरू नये. पाण्यात स्वाभाविक अन्न विपुल झाले असेल तर मासा पेंड सोडतो. स्वच्छ काचेच्या पेल्यात तळ्याचे पाणी घेऊन उजेडात धरावे. त्यात बारीक कण स्वतःच्या गतीने टुणटुणा उड्या मारताना दिसले, तर ते प्राणीप्लवंग होत. कटल्याचे हे मुख्य अन्नच आहे. घरी पुरणपोळी असता शिळी भाकरी कोण खाईल! मात्र ही स्थिती मातीच्या तळ्यात अधिक आढळते. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यात पाण्याचा व मातीचा संबंध तुटतो, त्यामुळे असे अन्न कमी उपजते आणि मासा बाहेरच्या खाद्यावर अधिक अवलंबून राहतो.

आता मुख्य कारणाकडे वळू. ते पाण्यातील प्राणवायू हे होय. दर लिटर पाण्यात ५ मिलिग्राम वा त्याहून अधिक प्राणवायू असेल तर मासा मजेत खातो व वाढतो. तो ३ च्या खाली गेला की अन्नावरची वासना उडते, आणि १ च्या आसपास आला की मासे मरू लागतात. हा प्राणवायू येतो कोठून? थोडा वाऱ्याने मिसळतो, परंतु साठलेल्या पाण्यात बहुतेक सारा हिरव्या सूक्ष्म शेवाळापासून येतो. सूर्यप्रकाश आहे तोपर्यंत ते प्राणवायू सोडते. रात्र पडली की तेच शेवाळ इतर प्राण्यांप्रमाणे प्राणवायू घेऊ लागते. त्यामुळे सायंकाळी तळ्यात प्राणवायू सर्वांत जास्त व पहाटे सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असतो. आभाळ भरून आलेल्या दिवसांत शेवाळ दिवसाही पुरेसा प्राणवायू करू शकत नाही, रात्रीचा खर्च मात्र चालूच राहतो. जमा कमी व खर्च तितकाच, अशी तीन दिवस ओढाताण झाली की चौथ्या पहाटे शिल्लक संपते.

आमच्याच शिवारात एका श्रावणात असे घडले. सतत झड लागलेली, सूर्यदर्शन नाही. एका सद्‌गृहस्थांच्या तळ्यातील मासे दुसऱ्या दिवसापासून खाईनासे झाले. पेंड आवडत नसेल असे समजून त्यांनी पेंडीत गूळ मिसळला, प्रमाण वाढविले, शिवाय पाणी 'जोरात' यावे म्हणून शेणाची दोन घमेली ओतली. तिसऱ्या पहाटे सारे कटले पाण्याच्या पृष्ठावर तोंडे वासून होते; ऊन वर येईपर्यंत निम्मे तळे पांढरे झाले होते. मुलीच्या लग्नास उपयोगी पडेल म्हणून राखलेला माल पोत्यांत भरून पुरावा लागला. वस्तुतः माशांनी दोन दिवस आधीच सूचना दिली होती. तोंड न लावणे हीच ती सूचना, आणि ती वाचता आली असती तर एका रात्रीची मोटार चालवून काम भागले असते.

तेव्हा ज्या दिवशी परात भरलेली निघेल, त्याच्या दुसऱ्या पहाटे, अंधार असतानाच, विजेरी घेऊन तळ्यावर जावे. मासे वर येऊन हवा गिळत असतील व हाताने टाळी वाजविताही खाली जात नसतील, तर निदान झाले. ताबडतोब मोटार लावून तळ्यातीलच पाणी उचलून उंचावरून, फळीवर वा छिद्रांच्या नळीतून, तुषार होऊन पडेल असे सोडावे. विहिरीचे पाणी सोडावयाचे तर तेही असेच उंचावरून सोडावे. जमिनीतील पाण्यात प्राणवायू मुळातच थोडा असतो. ते नळीने सरळ तळाशी सोडल्यास लाभ होत नाही. आभाळी हवामान निवळेपर्यंत खाद्य व शेण दोन्ही बंद ठेवावी, आणि मोटार रात्री दोनच्या सुमारास सुरू करून सूर्योदयापर्यंत चालू ठेवावी. वीज कोणत्या घटकेस असते हे आपणां सर्वांस ठाऊकच आहे. म्हणून पावसाळ्यात तळ्यावर डिझेलवरील पंपाची सोय असणे बरे.

नदीकाठच्या भोई बांधवांस हा त्रास का होत नाही, असे कोणी विचारील. बाभळीच्या बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या सन २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे असतात. त्या काळात गोदावरी वाहती असते, आणि वाहत्या पाण्यात प्राणवायू अहोरात्र मिसळत राहतो. आपले शेततळे म्हणजे बाराही महिने दरवाजे लावलेली नदी होय. त्यात जे जाईल ते तेथेच राहील, हे ध्यानात ठेवून माशांची संख्याही बेताची असावी. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा नेहमीच्या तळ्यात २१९६ घनमीटर पाणी मावते आणि पाण्याचे पृष्ठ सुमारे नऊ गुंठे भरते. हेक्टरी पाच हजार बोटुकली या साध्या प्रमाणाने नऊ गुंठ्यांस साडेचारशे बोटुकली होतात. मोटारीची उत्तम सोय असेल तर दुप्पट धरा. तीन-चार हजार सोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. सातबाऱ्यावर एका गुंठ्यात चाळीस वारस लागल्यावर जे होते, तेच तेथे होते.

पाणी किती हिरवे असावे, याची खूण अशी. कोपरापर्यंत हात बुडवावा. तळवा अंधुक दिसत असेल तर पाणी ठीक. मनगट बुडते न बुडते तोच बोटे दिसेनाशी झाली तर शेवाळ फाजील झाले आहे, व अशा तळ्यात खाद्य कमी करणे हाच पहिला उपाय.

येथे चुन्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते, कारण मासा खात नाही म्हटले की "चुना टाका" असा सल्ला सर्रास मिळतो. चुना आम्ल जमिनीत व आम्ल पाण्यात फार गुणकारी आहे. कोकणात किंवा बंगालकडे त्याची प्रशंसा होते ती यथार्थ आहे. आपली काळी जमीन मुळातच चुनखडीची असून तिच्या पाण्याचा सामू बहुधा आठाच्या आसपास असतो. माशाच्या कल्ल्यांतून व कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात अमोनिया उतरत असतो, आणि सामू व उष्णता जितकी चढेल तितका तो अमोनिया अधिक विषारी होतो. ज्या तळ्यात उरलेली पेंड कुजते आहे तेथे सामू न पाहता चुन्याचे पोते रिकामे करणे म्हणजे दुखण्यात भर घालणे आहे. सामू पाहण्याचा कागद थोड्या पैशांत मिळतो. आधी तो पहावा. अमोनियाची शंका असेल तर खाद्य बंद करून तळचे पाणी चतुर्थांश काढून पिकास द्यावे व ताजे पाणी भरावे. ते काढलेले पाणी पिकास खतच असते.

ऋतुमानाचाही विचार केला पाहिजे. कटला, रोहू, मृगल यांस २५ ते ३२ अंशांचे पाणी मानवते. पौष-माघात आपल्याकडे थंडीची लाट आली म्हणजे पाणी २० अंशांच्या खाली उतरते, मासे तळाशी बसतात व खाणे निम्म्याहून कमी होते. त्यात आजार काही नाही. अशा दिवसांत सकाळचे खाद्य बंद करून दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, ऊन पाण्यात मुरल्यावर, अल्प प्रमाणात द्यावे. पाणी १८ अंशांच्या खाली गेले तर मुळीच देऊ नये. वैशाखात उलट प्रकार होतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्राम प्राणवायू मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात ७ च. तळ्यात पाणी थोडे, ते तापलेले, आणि मासे मोठे झालेले, अशी त्या वेळी तिहेरी अडचण असते. खाद्य द्यावे ते ऊन चढण्यापूर्वी, पण सूर्य चांगला वर आल्यावर. भल्या पहाटे कधीही नाही.

कित्येकदा दोष खरोखर खाद्याचाच असतो. भुईमुगाची वा सरकीची पेंड पावसाळ्यात दमट जागी राहिली की तिच्यावर बुरशी चढते आणि त्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष उत्पन्न होते. सन १९६० मध्ये इंग्लंडात टर्की कोंबड्या लाखाच्या संख्येने मेल्या, तेव्हा बुरशीची भुईमूग पेंड हे कारण म्हणून उघडकीस आले. त्याच सुमारास अमेरिकेतील ट्राउट माशांच्या पैदासकेंद्रांत यकृताचे रोग पसरले, तेथे सरकीच्या पेंडीवर संशय ठरला. मासा कुबट पेंड नाकारीत असेल तर तो आपणांपेक्षा शहाणा आहे असे समजून ती पेंड खड्ड्यात पुरावी. वाळवून, चाळून पुन्हा देण्याचा लोभ धरू नये.

आतापर्यंत जे लिहिले ते शाकाहारी वा मिश्राहारी माशांस लागू आहे. अलीकडे आपल्या सीमेवर मरळ पाळण्याची ओढ लागली आहे, व तेथे खाण्याचा प्रश्न अगदी निराळ्या रूपाने उभा राहतो. तेलंगणात या माशास कोर्रमीनू म्हणतात. तो त्या राज्याचा राज्यमासाच आहे. हैदराबादेस दर वर्षी मृगाच्या मुहूर्तावर दम्याचे औषध म्हणून जिवंत लहान मरळ गिळवितात, ते आपल्याकडील वृद्धांस चांगले ठाऊक आहे. त्याच्या गुणावगुणांचा विचार येथे नको. मरळ हवेतील श्वास घेऊ शकतो, म्हणून प्राणवायूच्या टंचाईने तो सहसा अन्न सोडीत नाही. परंतु तो शिकारी आहे. हलते तेच त्याला अन्न वाटते. नदीतून धरून आणलेला मोठा मरळ पेंडीच्या गोळ्याकडे पाहतसुद्धा नाही, आणि कित्येक दिवस उपाशी राहून मालकास हैराण करितो.

शहरांतील हौशी लोक काचेच्या पेटीत अ‍ॅक्सोलॉटल नावाचा मेक्सिकोतील जलचर पाळतात, त्याचीही हीच तऱ्हा. हा बेडकाच्या दूरच्या नात्यातील प्राणी मेक्सिको शहराजवळील झोचिमिल्को येथील पाणथळीचा रहिवासी. सन १८६४ मध्ये काही प्राणी पॅरिसला नेण्यात आले व तेथून जगभर त्याची पैदास पसरली. त्याची दृष्टी मंद असते. समोर गांडूळ चिमट्यात धरून हळूच हलविले तर तो झडप घालतो, तेच तळाशी निपचित पडले तर त्यास पत्ताही लागत नाही. त्याला १६ ते १८ अंशांचे थंड पाणी लागते. आपल्याकडील उन्हाळी खोलीत पाणी तापले की तो अन्न वर्ज्य करितो. मग मालक खाद्याचे प्रकार बदलीत बसतो, वस्तुतः बदलावयाचे असते ते पाणी. कोठला मेक्सिको आणि कोठले धर्माबाद, पण पाण्यातील जीव सगळीकडे एकाच कारणाने रुसतो.

मरळास वळण लावावयाचे ते लहानपणीच. बोटभर पिले आणावीत, लहान हौदात सावली करून ठेवावीत व काठावर वर्दळ होऊ देऊ नये. पहिले काही दिवस गांडुळे व बारीक जिवंत मासळी. नंतर तीच चिरून, दोऱ्यास बांधून पाण्यात हलवून. पुढे चिरलेल्या मासळीत थोडा कोंडा व तयार खाद्य मळून, दर दोनतीन दिवसांनी मासळीचा भाग कमी व खाद्याचा अधिक असे करीत दोन-तीन आठवड्यांत पूर्ण खाद्यावर आणावे. एखादा दिवस पिलांनी नाकारले तर एक पायरी मागे जावे. खाद्य सायंकाळी द्यावे. शिवाय दर आठवड्यास मोठी पिले निवडून वेगळी करावीत. मरळाची मोठी पिले धाकट्यांस गिळतात, आणि मालक समजतो की खाद्य आवडले म्हणून वाढले.

नवीन आणलेली कोणतीही बोटुकली एक-दोन दिवस खात नाहीत. प्रवासाचा शीण असतो. पिशवी तळ्यात पंधरा-वीस मिनिटे तरंगू द्यावी, मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घालावे, आणि पिले आपण होऊन बाहेर पडू द्यावीत. तळ्यावर पाणकावळे बसू लागले असतील तरीही मासे दबून राहतात. मासे अंग घासताना दिसले तर एखादा जाळ्यात धरून कल्ल्यांखाली व पंखांच्या मुळाशी पहावे. चपट्या, पारदर्शक उवा आढळल्यास शंभर लिटर पाण्यात दोन-तीन किलो मीठ घालून त्यात दोन-तीन मिनिटे, मासा तळमळू लागेपर्यंतच, ठेवावा व ताज्या पाण्यात सोडावा. अंगावर लाल व्रण असतील तर घरगुती उपाय न करता मत्स्यविभागाच्या अधिकाऱ्यास दाखवावे.

आता नोंदीविषयी. तीस वर्षे महसुली दप्तर सांभाळलेल्या माणसाने नोंदवहीची शिफारस करावी यात नवल नाही. तथापि येथे तिचा उपयोग प्रत्यक्ष पैशाचा आहे. एका शाळकरी वहीत पाच रकाने आखावेत : तारीख व आभाळ, सकाळी सातचे पाण्याचे उष्णमान, किती खाद्य दिले, परातीत किती उरले, आणि पहाटे मासे वर दिसले की नाही. महिन्यातून एकदा जाळे टाकून वीस मासे तोलावेत. सरासरी दोनशे ग्राम भरली आणि तळ्यात अजमासे चारशे मासे असतील, तर एकूण वजन ऐंशी किलो. शेकडा दोन प्रमाणे रोजचे खाद्य एक किलो सहाशे ग्राम होते. त्याहून मूठभरही अधिक नको. परात दोन दिवस लागोपाठ भरलेली निघाली की खाद्य बंद. पाणी सुधारून मासे पहाटे खाली राहू लागले की पहिल्या दिवशी चारशे ग्राम, परात रिकामी निघाल्यास तिसऱ्या दिवशी आठशे, आणि तीही रिकामी निघाल्यास आठवड्याच्या शेवटी पूर्ववत. जाळे टाकण्याचा दिवस मात्र खाद्यापूर्वीचा सकाळचा असावा, आणि त्या दिवशी खाद्य सायंकाळपर्यंत देऊ नये.